आरोपी नसलेला किरणोत्सर्ग

भारतात किरणोत्सर्गाची चर्चा निघते ती बहुधा जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पावरून, नाहीतर गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवरून. हे वाद पेनसिल्व्हेनियात बसून वाचताना विचित्र वाटते, कारण इथे हा विषय निघतो तो घर विकत घेताना, आणि त्याचा रोख कंपनीवर वा सरकारवर नसून घराखालच्या जमिनीतून येणाऱ्या रेडॉनवर असतो.

खडकांतल्या आणि मातीतल्या युरेनियमचे विघटन होत होत रेडियम आणि त्यापासून हा रंगहीन, गंधहीन वायू तयार होतो. हिवाळ्यात बंद घरातली ऊबदार हवा वर सरकते आणि तळघराच्या भेगांतून जमिनीतली हवा आत ओढली जाते. रेडॉनपासून बनणारे पोलोनियमचे अणू श्वासावाटे फुफ्फुसात अडकतात आणि तिथेच पेशींना इजा करणारे अल्फा कण सोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार यामुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने देशात दरवर्षी सुमारे २१,००० माणसे दगावतात. त्यांतली बहुतेक धूम्रपान करणारी असतात, कारण हे दोन धोके एकमेकांना बळ देतात.

याच राज्यातल्या लिमरिक अणुवीज केंद्रातील अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे १९८४ मध्ये तिथली किरणोत्सर्ग-सूचक यंत्रे वाजू लागली. केंद्रात तेव्हा वीजनिर्मितीही सुरू झालेली नव्हती. घरात साचलेल्या रेडॉनचा किरणोत्सर्ग ते अंगावर घेऊन येत होते! जैतापूरच्या विरोधकांचे जमीन, मासेमारी आणि सुरक्षिततेविषयीचे प्रश्न यामुळे खोटे ठरत नाहीत. पण ज्याच्यावर बोट रोखता येते तोच धोका आपल्याला दिसतो, एवढे मात्र यातून कळते. टॉवरच्या लहरींत तर अणूचे आयनीभवन करण्याइतकी, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी, ऊर्जाही नसते.

‘आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात’ हा युक्तिवाद बराचसा खरा आहे, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखालच्या बेसाल्टमध्ये युरेनियमही कमी असते. मात्र दक्षिणेतल्या ग्रॅनाइटच्या प्रदेशांना हा दिलासा तसाच लागू होत नाही, शिवाय वातानुकूलनासाठी घट्ट बंद केलेल्या खोल्या सगळीकडेच वाढत आहेत.

तरी इथली पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. उपाययोजनेसाठी अमेरिकेने सुचवलेली १४८ बेकरेल प्रति घनमीटर (म्हणजे घनमीटरभर हवेत सेकंदाला १४८ अणूंचे विघटन) ही पातळी घरमालकांवर बंधनकारक नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १०० या संदर्भ पातळीपेक्षा ती ढिलीच आहे. घरविक्रीच्या घाईत दोन दिवसांच्या चाचणीवर निभावून नेले जाते. रेडॉनचे प्रमाण तर ऋतूनुसार बदलते. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राकडे मापनाची उपकरणेही आहेत आणि अनुभवही. ग्रॅनाइटच्या भागांतल्या तळमजल्यांवर आणि तळघरांत वर्षभर मापक ठेवून आलेले आकडे रहिवाशांना कळवावेत. जिथे ते जास्त निघतील तिथे भेगा बुजवून, जमिनीखालची हवा नळी आणि पंख्याने छपरावर सोडता येते.