विकलेल्या आरएक्सचं ॲव्हरेज

विकलेली यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल लिटरला साठ किलोमीटर देते. दारात उभी होती तेव्हा ती पस्तीस-चाळीस द्यायची, आणि धाकट्या भावाच्या हातात गेली की त्याहून कमी. पण एकदा दुसऱ्याच्या नावावर झाली की दरवर्षी तिचं ॲव्हरेज दोन-तीननं वाढत जातं. ती पहिल्या किकला सुरू होते. धूर काढत नाही. पावसात मिसिंग मारत नाही. खंबाटकीचा घाट ती चौथ्या गिअरवर चढते, तेही मागे दोघांना बसवून. माजी मालकांपैकीच एक असल्यामुळे मला हे सगळं मान्य आहे. फक्त गॅरेजात उभं राहून हा विषय काढायचा नाही, एवढं पथ्य मी पाळतो. मिस्त्री लोकांना सगळं आठवत असतं.

जे खरं आहे ते आधी कबूल करू. ही गाडी भारतात आली १९८५ साली आणि बंद झाली १९९६ साली. पन्नास मिलिमीटरचा बोअर (सिलेंडरचा व्यास), पन्नासचाच स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे ९८ सीसी. साडेसात हजार आरपीएमला ११ हॉर्सपॉवर आणि सगळं वजन शंभर किलोच्या आसपास. त्याच वर्षी आलेली हिरो होंडाची सीडी १०० जवळपास तेवढ्याच सीसीत सात-साडेसात हॉर्सपॉवर काढायची आणि त्याबद्दल तिच्या मालकांची काही तक्रार नव्हती, कारण त्यांना कुठे लवकर पोचायचंच नसायचं. आरएक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, सीडीच्या फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक. शिवाय आरएक्सचा सायलेन्सर नुसता आवाज दाबणारा नळा नव्हता. एका ठरावीक वेगाला त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलायची. तो वेग गाठला की गाडी अचानक पुढे ओढायची आणि मागे बसलेला मित्र आपली कंबर धरायचा. आपण ज्याला 'पिकअप' म्हणून उसासे टाकतो तो हा.

विकण्याची कारणं सगळ्यांची सारखीच असल्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. लग्न, पेट्रोल, पँटच्या मागच्या बाजूला उडालेले तेलाचे थेंब, आणि एक गावाकडचा पाहुणा, ज्याला गाडी 'फक्त शेतावर जायला' हवी असते.

पश्चात्ताप मात्र लगेच होत नाही. तो दहा-पंधरा वर्षं आत मुरतो आणि मग एखाद्या सिग्नलला मागून तो आवाज येतो. त्या रात्री माजी मालक मोबाईलवर एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडून आपला जुना नंबर टाकतो. यातून तीन निकाल निघतात. एक, नोंदच सापडत नाही, कारण गाडी कागदी आरसी बुकाच्या काळातली असून ती संगणकावर चढवलेलीच नसते. दोन, नोंद सापडते, मालकाच्या नावातली निम्मी अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात आणि माणूस उरलेल्या अक्षरांवरून तालुका ओळखायला बसतो. तिसरा निकाल सगळ्यांत नाट्यमय: फुल्यांच्या मधून दिसणारी अक्षरं आपल्याच नावाची असतात. म्हणजे पाहुण्यानं गाडी नेली, कागद नेले, नाव बदलायचे सही केलेले टीटी फॉर्म नेले आणि आरटीओत कधी गेलाच नाही. कायद्याच्या दृष्टीनं हा विरह झालेलाच नाही. मोटार वाहन कायद्यात विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. कुणीच कळवलं नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत नाव असलेलाच मालक धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. तेव्हा 'ती आता कुठे असेल' या प्रश्नात एरवी जे काव्य असतं, ते अशा माणसाच्या बाबतीत ताबडतोब सुकतं.

जुनीच सापडली नाही की दुसरी शोधायची. इथे दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे नीट कागदांची गाडी आता लाखाच्या घरात जाते, आणि त्या पैशात शोरूममधून नवी, वॉरंटीवाली, सेल्फस्टार्टची गाडी मिळते. हा मुद्दा घरात कुणीतरी काढणारच. दुसरी, जाहिरातीतला 'ओरिजनल' हा शब्द गाडीच्या नेमक्या कुठल्या भागाला लागू आहे ते विचारावं. बहुतेक वेळा तो साईड पॅनेलच्या स्टिकरला लागू असतो, आणि स्टिकर नवा असतो.

कागदांकडे इंजिनाआधी पाहावं, कारण इंजिन दुरुस्त होतं. चेसिस नंबर हँडलखालच्या गळ्यावर पंच केलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीवर. दोन्हींवर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि आलेला ठसा आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. आकडे वेगवेगळ्या उंचीचे असतील किंवा त्यांच्याभोवती ग्राइंडर फिरल्याची चमक असेल, तर चहाला थांबू नये. पुष्कळ आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेलं असतं. त्याचा स्ट्रोक तोच ५०, बोअर मात्र ५८, म्हणून १३२ सीसी. चालवायला ते सुंदर लागतं आणि आरटीओत उभं करायला अजिबात नाही, कारण इंजिन नंबर जुळत नाही.

पंधरा वर्षांनी नोंदणी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. दुचाकीची ही फी एप्रिल २०२२ मध्ये ३०० ची १००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून २०००. पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत टळून गेली असेल तर उशिराचा आकार त्याहून वेगळा. नाव बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०; आरसी हरवली असेल तर पोलिसांचा दाखला आणि फॉर्म २६. गाडी केए-२२ किंवा केए-२३ ची, म्हणजे बेळगाव-चिकोडीकडची असेल, तर तिकडची एनओसी फॉर्म २८ वर, शिवाय इथला रोड टॅक्स. गोठ्यात गवताखाली सापडलेल्या गाडीचं माणसाला फार कौतुक वाटतं; पण गवताखाली असताना तिची मुदतही संपत होती. सगळं झाल्यावर जुन्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरप्लेट: साडेचारशे रुपये अधिक जीएसटी. त्या प्लेटवर ४१४१ हा आकडा ४१४१ असाच दिसतो, 'दादा' दिसत नाही. ज्यांनी त्या आकड्यासाठीच गाडी घेतली त्यांचं दुःख वेगळं आहे, आणि माझ्या सहानुभूतीच्या कक्षेबाहेरचं आहे.

आता इंजिन. इथे माजी मालकाची पंचाईत अशी होते, की त्याला टाकी दिसते आणि पाहायचे असतात सील. टू-स्ट्रोकचं क्रँककेस हाच एक पंप असतो. पिस्टन वर गेला की तो मिश्रण आत ओढतो, खाली आला की वर ढकलतो. म्हणून क्रँककेस हवाबंद असावं लागतं, आणि ती जबाबदारी क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या दोन रबरी सीलांवर असते. दोन्ही सील स्वस्त आणि दोन्ही नाठाळ. मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही. विकणारा म्हणतो, "बघा साहेब, केवढी फ्री आहे." ती फ्री नसते, पिस्टन जाम व्हायच्या वाटेवर असते. क्लचच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळायला लागतं. गरम झाल्यावरही न ओसरणारा पांढरट धूर, आणि खाली एक थेंब न सांडता घटत जाणारं गिअर ऑइल, अशी त्याची खूण.

दुसरा प्रश्न तेलाचा. या गाडीला टू-टी तेलाची वेगळी टाकी होती आणि ॲक्सिलरेटरच्या केबलचाच एक फाटा तेलाच्या पंपाकडे जायचा. जेवढी मूठ पिळाल तेवढं तेल. व्यवस्था उत्तम होती. म्हणूनच ठिकठिकाणच्या मिस्त्रींनी ती काढून टाकली. पंपातलं गिअर झिजलं, पार्ट मिळेना, तेव्हा 'पेट्रोलमध्येच मारू' हा राष्ट्रीय तोडगा निघाला: लिटरमागे तीस-चाळीस मिली. त्यात चूक काही नाही, पण घेणाऱ्याला ते कळायला हवं. तेलाची रिकामी टाकी पाहूनही ज्यानं पेट्रोल पंपावरून नुसतं पेट्रोल भरलं, त्याची मिरवणूक काही किलोमीटरांत टेम्पोतून परत येते. टाकीतलं थोडं पेट्रोल पांढऱ्या कागदावर टाकून उडू द्यावं. तेलकट डाग उरला तर पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं आहे. कागद कोरडा झाला तर पंप चालू असला पाहिजे, नाहीतर विकणारा चालू आहे. आणि मिश्रणावर चालणारी गाडी घाट उतरताना मूठ पूर्ण सोडून गिअरमध्ये घरंगळत नेऊ नये. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि चाकं मात्र इंजिन फिरवतच असतात. अधूनमधून मूठ पिळत राहावी. आजूबाजूचे लोक त्याला माज समजतात, समजू देत.

बोअरबद्दल एकच विचारावं: कितव्या साईजवर आहे? झिजलेला सिलेंडर थोडा मोठा कोरून त्यात बसवायचे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरच्या ओव्हरसाईजमध्ये मिळतात आणि आकडा बहुधा पिस्टनच्या माथ्यावरच कोरलेला असतो. शेवटच्या साईजला गाडी १०२ सीसीची होते, म्हणजे चार सीसी फुकटात मिळाले असं वाटतं. त्यानंतर मात्र नवा स्लीव्ह, म्हणजे सिलेंडरचं नवं अस्तर. बोअर मारून झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा किंचित गोल कराव्या लागतात. घाईतला लेथवाला ते विसरतो, पिस्टनची रिंग कडेला अडकते आणि तुटते. रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची फट तिच्यावरच बसली पाहिजे. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. हे तीनही बरोबर झालं तर पहिले पाचशे किलोमीटर गाडी संयमानं चालवायची असते, आणि पंधरा वर्षं थांबलेल्या माणसाला नेमकं तेवढंच जमत नाही.

क्रँकचा कोन रॉड (कनेक्टिंग रॉड) वाजत असेल तर ते काम हातोड्याचं नव्हे. क्रँक प्रेसवर उघडून, नवी पिन-बेअरिंग भरून, दोन्ही बाजूंना डायल लावून शतांश मिलिमीटरच्या हिशेबात सरळ करावा लागतो. ज्या मिस्त्रीला विचारल्यावर तो "होतंय की" म्हणतो, त्याच्याकडे देऊ नये. जो "आठ दिवस लागतील, आणि सामान मी सांगतो तेच आणायचं" म्हणतो, त्याच्याकडे द्यावा. सायलेन्सरचं त्या मानानं सोपं. मागचा बोल्ट काढून बॅफल, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, पक्कडीनं ओढायचं, विस्तवावर लाल करून कार्बन जाळायचा, झटकून परत बसवायचं. 'परत बसवायचं' हा टप्पा अनेकांनी कायमचा गाळला आहे. बॅफल काढलं की आवाज वाढतो, ओढ घटते, आणि गाडी पळते आहे असा समज फक्त चालवणाऱ्याचा होतो.

पीयूसीला मात्र ही गाडी खुशाल न्यावी. २००० सालाआधीच्या टू-स्ट्रोकला हायड्रोकार्बनची मर्यादाच ९००० पीपीएम आहे. इतकी उदार, कारण नवं मिश्रण आत येताना आणि जुना धूर बाहेर जाताना दोन्ही दारं एकाच वेळी उघडी असतात. न जळलेलं पेट्रोल सरळ बाहेर निघून जातं. साठच्या ॲव्हरेजचं उरलेलं पेट्रोल कुठे जायचं, ते हे.

गाडी पाहायला एकट्यानं जाऊ नये. ज्याच्याकडे आरएक्स कधीच नव्हती असा मित्र सोबत घ्यावा. सकाळी लवकर, न सांगता जावं आणि बोलणं सुरू होण्याआधी सिलेंडरच्या पात्यांना हात लावावा. कोमट लागल्या तर मालकानं आधीच गाडी सुरू करून ठेवली आहे, आणि थंडीतली तिची खोड आपल्याला दिसू नये अशी त्याची इच्छा आहे. प्लग काढून पाहावा: चहाच्या रंगाचा असेल तर ठीक, काळा-ओला म्हणजे तेल जास्त, पांढराफटक म्हणजे ती सीलची भानगड. 'माझी पहिली गाडी हीच होती' हे वाक्य कुठल्याही परिस्थितीत उच्चारू नये, भाव तिथल्या तिथे चढतो. मालक किक मारेल. तो आवाज आला की सील, साईज, फॉर्म २९ आणि ३०, सगळं डोक्यातून जाईल, ते गृहीत धरून चालावं. इसार इंजिन बंद झाल्यावरच द्यायचा, आणि बंद करायला मित्राला सांगायचं, कारण आपला हात तोवर मुठीवर असतो.