वेगळेपणाचा अभाव

माझ्यात वेगळेपणा नाही, असं सरकारनं मला लेखी कळवलंय. म्हणजे माझ्यात नव्हे, माझ्या चटणीच्या नावात. पण गेल्या मंगळवारपासून मला यातला फरक कळेनासा झालाय.

नाव होतं 'अस्सल कोल्हापुरी आक्का चटणी'. आक्का म्हणजे माझी आई; सगळी गल्ली तिला आक्काच म्हणते. पलीकडच्या गल्लीतल्या एकानं आमच्यासारखीच लाल पिशवी काढली, म्हणून मी ट्रेडमार्कच्या नादाला लागलो. त्यात माल आणि सेवांचे वर्ग एकूण ४५, माझ्यासारख्या एकट्यादुकट्याला एका वर्गाची ऑनलाइन फी ४,५०० रुपये. चटणी-मसाले ३० व्या वर्गात. त्याच वर्गात चहा, साखर आणि चक्क बर्फ! लोणचं मात्र २९ व्यात, म्हणजे आईनं लोणचं घातलं की पुन्हा ४,५००. संकेश्वरी मिरची आणि बर्फ ज्यानं एका बाकावर बसवले, त्यानं आयुष्यात कधी चटणी खाल्ली असेल असं वाटत नाही.

तर मंगळवारी तपासणी अहवाल आला. कलम ९: 'अस्सल' हा गुण, 'कोल्हापुरी' हे ठिकाण, 'चटणी' हा माल, यातलं काहीच एकट्याच्या मालकीचं होत नाही. उरली आई. तिच्यावर कलम ११: मिळतंजुळतं नाव आधीच कुणीतरी नोंदवलंय. उत्तर ३० दिवसांत द्या.

वकिलांच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात गेलो. तिथं पॅनकार्डाचीही कामं होतात. बाकावर टोपीवाले एक मामा होते.

"कशापायी आलासा, पावणं?"

सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हंजे कोल्हापुरी हे नाव तुमास्नी एकट्याला पायजे?"

"तसं नव्हे मामा..."

"आवो, चपलेचं बघा की. तिला सरकारी शिक्का मिळालाय, त्यो बी आठ जिल्ह्यांत वाटलाय. त्यातलं चार कर्नाटकातलं! आन् तरीबी २०२५ ला इटलीच्या कंपनीनं तसलंच पायताण फ्याशन शोत चालवलं. आपलं नावसुदीक घेतलं न्हाई. तुमच्या चटणीला कोण इचारतंय?"

वकिलांनी याच मुद्द्याचे पैसे घेतले असते, म्हणून जास्तच राग आला.

पुराव्यासाठी नेलेलं पाकीट माझ्या मांडीवर होतं. मामांनी ते उचललं, दातानं कोपरा फाडला, फडक्यातली भाकरी काढली आणि चटणी तळहातावर ओतली. डोक्यावर पंखा पाचावर. कॉम्प्युटरवरची पोरगी शिंकली. आतल्या खोलीत फोनवर बोलणारे वकीलसाहेब लागोपाठ तीनदा शिंकले. मामा डोळे मिटून चावत होते.

"लसूण कमी हाय."

मी गप्प.

"वंगाळ न्हाई. पर येगळं असं काय न्हाई ह्यात."

हेच सांगायला सरकारला इंग्रजी अहवाल लागला होता.

खरी चीड वेगळीच आहे. छापखान्यानं हौसेनं आमच्या पिशवीवर गोलातला 'आर', म्हणजे नाव नोंदवल्याची खूण, टाकला होता. नोंदणीआधी तो लावणं बेकायदेशीर आहे, म्हणून मी आणि बायकोनं दोन हजार पिशव्यांवर बसून मार्करनं तो काळा केला. पलीकडच्या गल्लीतल्यानं तो काळा ठिपकासुद्धा छापून घेतलाय! त्याला ना अर्ज, ना फी, ना अहवाल. वेगळेपणाची परीक्षा फक्त अर्ज करणाऱ्याची.

वकिलांनी आत बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मामाही ऐकत होते.

"नाव कधीपासून वापरताय? जुनी बिलं आणा, भांडता येईल."

बिलं? शेजारणी आईकडून डबा भरून चटणी न्यायच्या आणि डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून परत करायच्या. तीस वर्षांचा व्यवहार, पुरावा साखर. तीही ३० व्याच वर्गातली.

"नाहीतर नाव बदला," साहेब म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

"माझं आडनाव घ्या की!" मामा दारातूनच म्हणाले. "पॅनकार्डावर त्यात दोन अक्षरं जादा पडल्यात, चार खेटं घातलं तरी निघंनात. अख्ख्या पेठंत असलं आडनाव एकट्या माझंच. न मागता मिळालंय!"

वकीलसाहेबांनी पेन उचललं. "स्पेलिंग सांगा बरं."

मामा स्पेलिंग सांगायला लागले. पाकीट तोवर त्यांच्या पिशवीत गेलं होतं.