मग हबलचं काय?

१९७२ मध्ये अपोलो मालिकेतलं शेवटचं चांद्रयान अपोलो १७ परतलं आणि लोकांचा अवकाशातला रस आटला, हे लेखातलं विधान काही पटलं नाही. २००४ मध्ये नासाने हबल या अवकाशातल्या दुर्बिणीच्या दुरुस्तीची मोहीम रद्द केली तेव्हा शास्त्रज्ञांसोबत सामान्य लोकही खवळले होते. शेवटी २००९ मध्ये अंतराळवीर वर गेलेच, नवा कॅमेरा बसवून आले. एका दुर्बिणीसाठी एवढा आरडाओरडा!

टीव्ही वाहिन्यांचा रस म्हणाल तर तो आधीच ओसरला होता. १९७० मध्ये अपोलो १३ मधून अंतराळवीरांनी केलेला कार्यक्रम अमेरिकी वाहिन्यांनी थेट दाखवलाही नाही. लोकांचा रस मात्र आजही दिसतो. मी आकाशदर्शनाला दुर्बीण लावतो. शनीची कडी दिसली की चांगली मोठी माणसं नळीच्या तोंडाशी जाऊन बघतात, चित्र तर चिकटवलेलं नाही ना!