‘लॅटिना बायकांना हक्क गोऱ्यांनी शिकवले’ म्हणे!

कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या माझ्या भाचीने लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) स्त्रियांच्या चळवळीवरील शालेय प्रकल्पासाठी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात फिरणारा एक संदेश जसाच्या तसा टिपणात उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: या स्त्रियांना हक्कांची भाषा गोऱ्या स्त्रीवाद्यांनी शिकवली; त्यांच्याच समाजाने त्यांना नेतृत्व दिले नाही; ‘सी, से पुएदे’ (होय, हे शक्य आहे) ही त्यांची स्पॅनिश घोषणा ओबामांवरून उचललेली आहे; आणि मुलांचे लेंढार आवरले असते, तर हक्क मागण्याची वेळच आली नसती.

पहिल्या दाव्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. टेक्ससमधील लारेडो येथे होविता इदार यांच्या अध्यक्षतेखाली मेक्सिकन स्त्रियांची संघटना 1911 मध्येच उभी राहिली होती. सॅन अँटोनिओत पेकान (अक्रोडासारखे कवचाचे फळ) सोलणाऱ्या हजारो कामगारांचा 1938 चा संप पुकारला गेला, तेव्हा त्यांच्या नेत्या एम्मा तेनायुका अवघ्या 21 वर्षांच्या होत्या.

नेतृत्वाबाबतचा दावा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. सॅक्रामेंटो येथे 1970 मध्ये ‘कोमिसिऑन फेमेनिल मेक्सिकाना’ ही संघटना स्थापन करणाऱ्या स्त्रियांनी आपल्या ठरावातच नोंदवले की, चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची) चळवळ आणि गोरी सत्ता, दोघेही स्त्रियांना पुढारी मानत नाहीत. मात्र त्याच ठरावात स्त्रियांना नेतृत्वासाठी संघटित करण्याचे कामही त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि हा भाग संदेशकर्त्याने सोयीस्करपणे गाळला आहे.

खरा संताप येतो तो ‘लेंढार’ या शब्दाचा. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात स्पॅनिशभाषक स्त्रियांपुढे, प्रसूतिवेदना चालू असताना, नसबंदीची इंग्रजी संमतीपत्रे ठेवली जात होती. कित्येकींना आपले काय झाले हे नंतर कळले. त्यांपैकी 10 जणींनी 1975 मध्ये दावा दाखल केला आणि कोमिसिऑनही त्यांच्या बाजूने त्यात सामील झाली. न्यायाधीशांनी 1978 मध्ये डॉक्टरांच्या बाजूने निकाल देताना या साऱ्याला संवादातील बिघाड म्हटले, तरी या लढ्याच्या रेट्याने संमतीपत्रे स्पॅनिशमध्ये निघू लागली, आणि सक्तीच्या नसबंदीला मुभा देणारा कॅलिफोर्नियाचा जुना कायदा 1979 मध्ये रद्द झाला. ज्यांची मुले होण्याची शक्यताच न विचारता संपवण्यात आली, त्यांना मुले आवरण्याचा उपदेश करायला काय म्हणावे?

राहिली घोषणा. ती शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस वेर्ता यांनी 1972 मध्ये अॅरिझोनातील लढ्यात दिली. ओबामांनी ती 2008 मध्ये इंग्रजीत (‘येस वी कॅन’) वापरली आणि 2012 मध्ये वेर्ता यांना राष्ट्रपतींचे स्वातंत्र्यपदक देताना आपण ती त्यांच्याकडूनच चोरल्याचे हसत कबूल केले. या वेर्ताबाईंना मुले 11.