चौदा सेकंदांचा व्हिडिओ

आज सकाळी साडेनऊला आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. चौदा सेकंदांचा. धुळ्याच्या देवपुरातला नकाणे रोड, कोवळं ऊन, आणि रस्त्याच्या कडेने एक जाडी बाई पळतेय. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, कानाला मफलर, पायात पोराचे जुने बूट. खाली लिहिलेलं, "देवपुरात भूकंप". त्यापुढे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

बाई मीच. ओळखलं असेलच तुम्ही.

शाळेला निघेपर्यंत तेवीस जण हसून गेले होते. गणित शिकवते, मोजायची खोड जात नाही. त्या तेविसांत माझी एक चुलत नणंद आहे. जिच्या पोरीला दहावीला मी एक पैसा न घेता शिकवलं ती बाई आहे. आणि गच्चीवर जाताना मधल्या पायरीवर दोनदा टेकणारे एक काका आहेत. टाकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. गेल्याच रविवारी त्यांच्या शेतात भरीत आणि कळण्याची भाकरी हादडून आलेय, खाल्ल्या मिठाला जागते. पण राग आलाय. चहा ओतू गेला तरी फोनकडेच बघत होते, एवढा.

दिवाळीनंतरची गोष्ट सांगते, मग कळेल.

भाऊबीज झाल्यावरचा सोमवार. वय ४७, वजन ८४ किलो, बीपीची गोळी सुरू होऊन सहा महिने. लग्नानंतर मी पळाले ती फक्त एसटी पकडायला, आणि कंडक्टर ओळखीचा असला तर तेव्हाही नाही. त्याआधीचं पळणं म्हणजे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर आपला नंबर आधी लागावा म्हणून शेताच्या बांधावरून. एवढ्या भांडवलावर ठरवलं की विजेच्या एका खांबापासून पुढे तीन खांब पळायचं. दुसऱ्या खांबाला छातीचा भाता झाला, बरगडीखाली कळ, तोंडात लोखंडाची चव. तिसरा खांब काही आला नाही. रस्त्याकडेच्या मोरीवर बसले, डोकं गुडघ्यांत.

एक दूधवाला भाऊ थांबला. मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन. "काय व्हयनं ताई? चक्कर इनी का?" म्हटलं, नाही हो भाऊ, पळत होते. त्याने आधी मागे वळून बघितलं, माझ्या पाठी कोण लागलंय ते. कोणी नव्हतं. मग म्हणाला, "बठा, सोडी देसु घर." पंचवीस वर्षं नोकरी झालेली मी, दोन कॅनच्या मधे कशीबशी बसून, अख्ख्या कॉलनीसमोर घरी आले. फाटकाशी उतरवून त्याने विचारलं, "सकाय येशात ना परत?" हसला नाही. उद्या दूध अर्धा लिटर की एक, हे विचारावं तसं विचारलं.

त्या प्रश्नामुळे मी दुसऱ्या दिवशी गेले. खरं सांगते, तब्येतीसाठी नाही. त्याला काय उत्तर द्यायचं म्हणून.

मग पोराने पुण्याहून पळायला शिकायचा एक कार्यक्रम पाठवला. नऊ आठवड्यांचा, आठवड्यातून तीन दिवस. जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ साली आपल्या पन्नाशीतल्या आईला सोफ्यावरून उठवायला तयार केलेला. पहिला आठवडा असा: ५ मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. ६० सेकंद! मी हसले होते. दुधाला उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काय पळणं होणार? पाचव्या फेरीला कळलं. तो पहिला आठवडा मला चार आठवडे पुरला. दुसरा दोन, चौथा तीन. आज अकराव्या आठवड्यात मी पाचव्या आठवड्यावर आहे. गणिताच्या बाईचं हे गणित वर्गात सांगायची सोय नाही.

आणि ज्याच्यावर सगळे हसतायत ना, तो माझा वेग, तो मी ठरवून धरलाय. नवशिक्याने हळूच पळायचं असतं. तोंडातून अख्खं वाक्य निघालं पाहिजे, एवढं हळू. मी एकोणतीसचा पाढा म्हणते. पहिल्या दिवशी एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीला दम तुटला होता, आता दाहीपर्यंत जाते. जोरात पळून दाखवलं की काय होतं? दम लवकर वाढतो हो, पण नडग्या, घोटे, हाडं त्यांच्या वेळेनेच तयार होतात, त्यांना महिने लागतात. दर पावलाला आपल्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो. माझ्या ८४ किलोचा हिशेब तुम्हीच करा. तिसऱ्या आठवड्यात मला सुरसुरी आली, दोन दिवस पोरीबाळींसारखी सुटले, तर पुढचे आठ दिवस नडगीवर बर्फ धरून बसले होते. तेव्हापासून बैलगाडी.

पण नाही. आपल्याकडे बाई पळाली म्हणजे एक तर कोणी मेलंय, नाहीतर गॅस चालू राहिलाय. सासूबाई म्हणाल्या, "वाघ मांगे लागना का?" त्यांचं मी मनावर घेत नाही, ऐंशीच्या आहेत, आणि त्याच पहाटे उठून लाडू काढून ठेवतात. पण बाकीचे? "ताई, आधी वजन कमी करा, मग पळा." वा! आधी पोहायला शिका, मग पाण्यात उतरा. "चालत जा ना, पळायची काय गरज?" चालण्यावर कोणी हसत नाही म्हणून का? "या वयात?" फौजा सिंग ८९व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन धावले, ४२ किलोमीटरच्या वर, साल २०००. मला तर फक्त आमच्या रस्त्यावरची चहाची टपरी ओलांडायचीय.

बरं, एक मान्य करते. बीपी, शुगर असेल तर डॉक्टरला विचारूनच सुरू करावं. मी विचारलं. गुडघे आधीच गेलेले असतील तर चालणंच बरं असेल. आणि अंधारात रस्त्यावर पळू नये हेही खरंच. रस्ता तर दिवसाही धोक्याचाच. त्याच फौजा सिंगांना २०२५च्या जुलैत गावाजवळच्या रस्त्यावर भरदुपारी गाडीने उडवलं, त्यातच गेले. मी उजाडल्यावर निघते, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने पळते. झालं? मिळाले तुम्हाला मार्क?

कपड्यांचं तर बोलूच नये. पळायची ब्रेसियर घ्यायला बाजारात गेले तर दुकानदार म्हणाला, "मुलीसाठी का?" मी हो म्हटलं. मला मुलगी नाही. घरी येऊन स्वतःवरच चिडले, की ४७व्या वर्षी दुकानात खोटं बोलायची वेळ का यावी. त्या दुकानदाराचा काय दोष म्हणा, त्याला तरी माझ्या मापाचं गिऱ्हाईक कधी आलं असेल.

त्याच रस्त्यावर पोलीस भरतीच्या पोरी पळतात. आठशे मीटरसाठी. पोरं सोळाशेसाठी. खेड्यातून येऊन खोली करून राहिलेली, कुणाच्या बुटाचा तळ सुतळीने बांधलेला. माझ्याहून चौपट वेगाने पुढे जातात आणि जाताना म्हणतात, "मॅडम, खांदे सोडा. मुठी आवळू नका." यातलं कोणी मला हसलं नाही. नाही, एक हसली होती. पण तीच थांबून मला बुटाची नाडी टाचेपाशी कशी घट्ट करायची ते दाखवून गेली.

हसणारे सगळे टपरीवर. हातात कट चहा, पाय टेबलाच्या दांडीवर. तिथूनच हा व्हिडिओ काढलाय, कोनावरून कळतं.

आता ऐका, तो व्हिडिओ कुठला आहे ते. पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस. या कार्यक्रमात त्या दिवशी पहिल्यांदाच मधलं चालणं काढून टाकलेलं असतं. सलग २० मिनिटं. रात्री मला झोप लागली नव्हती, बोर्डाच्या परीक्षेसारखं. टपरी मला सतराव्या मिनिटाला लागते. म्हणजे तुम्ही तेवीस जण ज्या चौदा सेकंदांवर हसलात ना, तेव्हा मी माझ्या आयुष्यात सलग जेवढी कधीच पळाले नव्हते तेवढी पळत होते. अजून तीन मिनिटं बाकी होती. ती पण पळाले. मोरीपाशी संपलं, त्याच मोरीपाशी.

इथपर्यंत दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून रागारागाने लिहिलं होतं. मग सहावा तास घ्यायला गेले. आता रात्री पुढचं लिहितेय, आणि हात जरा जड झालाय.

सहा-सात वर्षांपूर्वी शाळेच्या क्रीडा दिनाला माइक माझ्याकडे होता. आठवीतला एक मुलगा, अंगाने भरलेला, दोनशे मीटरमध्ये सगळ्यात मागे. बाकीचे पोहोचून पाणी पीत होते, हा येतच होता. मी माइकवर म्हटलं, "चला, आता आपली मालगाडी येतेय, फाटक बंद करा." अख्खं मैदान हसलं. मलाच फार भारी वाटलं होतं, मुख्याध्यापकसुद्धा हसले. तो शेवटपर्यंत पळाला, रेषा ओलांडली, आणि थेट वर्गात गेला. पुढच्या वर्षी क्रीडा दिनाला त्याने पोटात दुखतंय अशी चिठ्ठी आणली. सही बापाची, अक्षर त्याचं. मला कळलं होतं. मी चिठ्ठी ठेवून घेतली आणि त्याला वर्गात बसवलं.

चौदा सेकंदही लागले नसतील मला ते वाक्य बोलायला. आणि माझ्या पाठीमागे कोण लागलंय ते वळून बघणारा दूधवाला मला मिळाला, त्या पोराला मी मिळाले.

तो आता कुठे असतो माहीत नाही. इथे फेसबुकवर असेल तर, बाळा, मी चुकले. मालगाडीत बसून बघतेय सध्या.

व्हिडिओ टाकणाऱ्याला मी काही बोलणार नाहीये. म्हणजे सकाळी बोलणार होते, चांगली खान्देशी भाषेत. आता राहू दे. फक्त टपरीवरून काढू नको रे, तिथून पोटच दिसतं.

रविवारी पुन्हा वीस मिनिटं आहेत. आज दूधवाला भाऊ समोरून आला, गाडी हळू केली आणि ओरडला, "सोडी देऊ का?" मी हातानेच नाही म्हटलं. तोंड रिकामं नव्हतं, एकोणतीस सक चालू होतं.

अपडेट, रात्री साडेदहा: ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकलाय म्हणे. मी सकाळीच सेव्ह करून ठेवला होता. सतराव्या मिनिटाला मी पळत होते याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे.