‘त्यांना घाणीतच आवडतं’ म्हणे!

काल मावशीने घरच्या ग्रुपवर तोच मेसेज टाकला. ‘आपल्या टॅक्सच्या पैशांतून झोपडीवाल्यांना फुकट फ्लॅट मिळतात. ते भाड्याने देऊन परत झोपडीत जातात, कारण त्यांना घाणीतच राहायला आवडतं. सरळ बुलडोझर फिरवा.’ मावशीकडे वीस वर्षं पोळ्या लाटायला येणाऱ्या ताई झोपडपट्टीतच राहतात. ते वाचून मला राहवेना.

आधी टॅक्सचं. मुंबईत १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, आलं. त्यात इमारत बिल्डर बांधतो. रहिवाशांना त्याच जागेच्या एका कोपऱ्यात दाटीने बसवायचं आणि जादा एफएसआय, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बांधकामाची परवानगी, घेऊन उरलेल्या जागेवर सेल बिल्डिंग, म्हणजे बाजारभावाने विकायची इमारत, उभी करायची. घरांचा खर्च त्या विक्रीतून निघतो, मावशीच्या आयकरातून नाही. जमीन बऱ्याचदा सरकारी असते, तेवढं खरं. पण तिचा मलिदा कोण खातं, ते सेल बिल्डिंगचे भाव पाहून कळतं. आणि फुकट सगळ्यांना नाहीच. १ जानेवारी २०००च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो, नाहीतर पैसे भरा किंवा ‘अपात्र’ व्हा.

आता तो ‘आवडतं’वाला मुद्दा. हो, काही जण घर विकतात, भाड्याने देतात, ठरावीक वर्षं विकायला बंदी असूनही. नाइलाजाने मान्य करते. पण का, हे कोणी विचारलं? अशाच एका इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावलेली पाहिली. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची मोरी. तिथल्या आजी म्हणाल्या, ‘झोपडीत निदान दारात ऊन यायचं, पापड वाळायचे.’

ही नुसती त्या आजींची कुरकुर नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या डॉक्टरांच्या स्वयंसेवी संस्थेने मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ साली समोर आला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना खेटून, जेमतेम तीन मीटर अंतराने. तिथे क्षयरोग जास्त, त्यातही ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर. पीएमजी कॉलनीत इमारती मोकळ्या, तिथे क्षयरोग कमी. अभ्यासाला पैसा एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या सरकारी यंत्रणेच्याच, पर्यावरण संस्थेचा होता. म्हणजे ज्या घरांना आपण ‘फुकट फ्लॅट’ म्हणतो, त्यांचा आराखडाच माणसाला आजारी पाडतो. त्यावर मेंटेनन्स, बंद लिफ्ट आणि दुसरीकडून आणून वसवलेल्यांना कामाची जागा तासभर लांब. अशा घरातून निघून गेलेल्या माणसाला घाणीची आवड आहे म्हणायचं? मला हे वाचून संताप येतो.

बुलडोझरबद्दल फार लिहीत नाही. माणूस रोजगार असेल तिथे राहतो. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच उपजीविकेला जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. पाडलं की दोन गल्ल्या सोडून पुन्हा पत्रे उभे राहतात.

मग करायचं काय? ओडिशाने २०१७ साली कायदा करून लहान शहरांतल्या वस्त्यांना राहत्या जागेचा हक्क दिला. जागा हक्काची झाली की लोक स्वतःच भिंत पक्की करतात. मुंबईतही ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने असंच सुरू झालं होतं: वस्तीच्या सोसायटीला जमीन भाडेपट्ट्याने, शिवाय घरदुरुस्तीला कर्ज. त्यात फुकट काहीच नव्हतं, मावशी. भाडेपट्टा, पाणी-गटारांचा खर्च, कर्जाचे हप्ते, सगळं रहिवाशांनीच भरायचं होतं.