गॉब्लिन मूळचा कुठला?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. डंजन मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडूंनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा. बाकी काहीही करून बघायची मुभा. अशी मुभा इंदूरच्या मराठी माणसाला देऊ नये. दिलीच, तर डंजन मास्टर मला करू नये.

सापळे, चोरवाटा, कोडी असलेल्या गुहेचा नकाशा मी जागरण करून काढला होता. मंडळी गुहेकडे फिरकेचनात. आधी म्हणे सरायीत खायला काय ते सांग. सूप म्हटलं. त्यावर शेव मिळते का? नाही म्हटल्यावर सरायच बदलायची ठरली.

गुहेच्या तोंडाशी भाला घेतलेला गॉब्लिन, म्हणजे एक बुटका राक्षस, होता. आता तरी लढाई होईल म्हणून मी सरसावून बसलो, तर मामीनं त्याला विचारलं, “मूळचे कुठले तुम्ही?” मी गडबडून “धारचा” म्हणालो. “अगंबाई! म्हणजे पवारांच्या पदरी असणार.” तेव्हापासून तो यांची मशाल धरतो.

बँकेतून निवृत्त झालेले काका खेळत नाहीत, नियमपुस्तकाचं ऑडिट करतात. दोर 50 फूट लिहिलाय, गाठीत किती गेला?

शेवटी ड्रॅगन. मामीचं पात्र भाट, तिनं त्याला समजावलं, “एवढं सोनं अंगाखाली घेऊन काय झोपतोस? आपल्या इंदूरच्या सराफ्यात ठेव. रात्री खायचीही सोय आहे.” मी ‘जवळजवळ अशक्य’ ठरवलं, म्हणजे 30 हवेत. पडले 20, वर पात्राचे 5. एकच जल्लोष!

काकांनी चष्मा सारखा केला. “2014च्या आवृत्तीत वीस पडले की आपोआप जमतं, ते फक्त हल्ला करताना. इथे बेरीज बघायची. पाच कमी.”

बरोबरच होतं. पण मामी त्या वेळी साबुदाण्याची खिचडी वाढत होती. ती काही बोलली नाही, काकांची बशी तेवढी परत ओढून घेतली. काकांनी पुन्हा पानं चाळली. “तसा शेवटचा शब्द डंजन मास्टरचा,” ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी बशी अजून रिकामीच होती.

ड्रॅगन सराफ्याकडे निघाला.

येत्या शनिवारी मंडळी गॉब्लिनसाठी स्थळं बघायला निघणार आहेत. नियमपुस्तकात याला आडवं येणारं काही सापडतं का, ते मी शोधतोय. काकासुद्धा मदत करत नाहीयेत.